सदतीस अंश

मे महिन्यातली रात्रपाळी. मेडिकलच्या
जीवरसायन प्रयोगशाळेत सदतीस अंशांची जागा एकच,
मशीनच्या पोटातली फिरती चकती.
बाकी शहर अजून तापलेलं.
रात्री अकरालाही अजनी पुलाचा कठडा
हात लावू देत नाही.

बोरकुटे सर शिकवायचे तेव्हा म्हणायचे,
विकर म्हणजे काही जादू नव्हे, बाप्पा.
सीताबर्डीची टेकडी ओलांडून
जायचं ते कधी ना कधी जाणारच.
हे फक्त खालून बोगदा काढून देते.
ज्याचा त्याचा बोगदा ठरलेला,
दुसऱ्याच्या वाटेत कोणी तोंड घालत नाही.
लाखदा माल पार करते
अन् स्वतः होते तेवढंच उरते.
मग खिशातून संत्रं काढत:
"पण पुरे कोण म्हणते? सांगा बरं!"

कुणालाच येत नसे.
ते सोलत राहायचे. सालीचा फवारा
पहिल्या बाकापर्यंत.
साखर फोडायच्या वाटेवर तिसऱ्या नाक्याला
एक पहारेकरी: फॉस्फोफ्रुक्टोकायनेज
(नाव पाठ करायला मला आठवडा लागला).
त्याच्या हातून गेलेला माल पुढं चुलीत पडतो.
चूल ओसंडली की तिच्यातलंच सायट्रेट
उलट्या पावली माघारी येतं,
आणि त्याच्या दारात नाही,
कुशीत बोट लावतं.
तेवढ्यानं त्याचं अंग आवळतं, दार अरुंद होतं.
पुढं लाकडं संपली की तीच राख
येऊन त्याला हलवून उठवते.
"अन् हे सायट्रेट म्हणजे काय? हे!"
म्हणत सर आंबट फोड तोंडात टाकायचे,
डोळा बारीक करून.

साडेअकराला कोल्ड वॉर्डातून नळी आली.
झनकलाल उइके, पुरुष, चौतीस.
कामठी रोडची पाइपलाइन. ताप एकशे आठ. घाम नाही.

मशीन म्हणालं, मोजमापाबाहेर.
दहापट पातळ केलं.
मोजमापाबाहेर.
शंभरपट केलं तेव्हा कुठं आकडा बसला:
बेचाळीस हजार.

ही विकरं स्नायूंच्या आतली.
भिंत वितळली आणि ही रक्तात आली,
एम्प्रेस मिल बंद झाल्यावर
फाटकाबाहेर उभे होते तसे, माझे मामा त्यांत:
बोटांत सगळी कला शाबूत,
पुढ्यात साचा नाही.
मी त्यांना बाटलीतलं खाद्य देते,
सदतीस अंश देते,
आणि ती निमूट कामाला लागतात.
कुठून सांडलो, कुणाचे होतो,
काही विचारत नाहीत.
त्यांच्या कामाच्या वेगावरून मी लिहिते
माणूस किती मोडला.

फोनवर सिस्टर मोघरे. आकडा दोनदा वाचून घेतला.
मग म्हणाली, त्याचा मेव्हणा बाहेर बसलाय,
विचारतोय, उद्याची हजेरी लागंल का?
ठेकेदारानं तीन वाजेपर्यंत थांबू नका म्हटलं होतं.
याला दीडलाच चक्कर आली होती,
तेव्हा पाणी मारून परत खड्ड्यात उतरवला.

मी काहीच बोलले नाही.
त्याच्या एकेका पेशीत
पुरे म्हणायची सोय होती.
ती बाहेर कुठंही जोडलेली नव्हती.

कूलरमधलं पाणी संपून नुसता पंखा खडखडतोय.
मी ओआरएसची पुडी फोडली, संत्र्याच्या वासाची.
मेमध्ये संत्रं कुठलं!
मागं बारीक अक्षरांत घटक लिहिलेत,
तिसऱ्या ओळीत सायट्रेट.
ग्लास अर्धा झाला
आणि खिडकीच्या फळीवर
वॉर्डबॉयनं आणखी दोन नळ्या ठेवल्या,
हाताला अजून गरम लागणाऱ्या.