माझे नावाची केळ

चेंचाच्या डोंगरावर मी गणित शिकवायला गेले
त्या वर्षी धुके इतके, की फळ्यावरची बेरीज
तिसऱ्या बाकापर्यंत पोचता पोचता ओली व्हायची.
भाड्याची खोली दालगितेच्या परड्यात.
खिडकीशी केळीचे बन! मी हरखले,
महिनाभर घडाची वाट पाहिली.
कळल्यावर दालगिते हसून हसून खालीच बसली.
ही फळाची केळ नव्हे, बाई. एन्सेट.
हिचा कंद खायचा, सोपटाचा गर खरवडायचा,
पानांत गुंडाळून खड्ड्यात पुरायचा, आंबू द्यायचा,
दोन महिने, सहा, घाई नसेल तर वर्ष.

मग नावे.
मला एकसारखी दिसणारी झाडे
ती हाक मारल्यासारखी ओळखायची.
ही शोंके, लाल देठाची, हिचे दोर चिवट.
ही गेना, बाळंतिणीला आणि मोडल्या हाडाला.
ही कात्से. कडू. वाढते उशिरा.
कुणालाच आवडत नाही.
मग ठेवलीस कशाला?
तिने असे पाहिले, जणू मी विचारले होते
धाकट्या दिराला कशाला ठेवलेस.

आणि ही माझे.
तुझी? मी म्हटले.
नाही गं, माझे. नाव आहे तिचे.
घरी पत्रात लिहिले, इथे मी रोज माझे खाते.
आईचे उत्तर आले: खा, पण चार जणांना देतही जा.

मोजायला बसले, शेवटी गणिताची बाई.
एकवीस नावे.
बेडूक मोजले नाहीत. पानांच्या बगलेत
साचलेल्या पाण्यात ते राहत.
खाली कोबी, घेवडा, आणि एक पाला
ज्याला ती मला तण म्हणू द्यायची नाही.

वरच्या अंगाला अंजुलोने सगळे उपटून
एकच जात लावली, जिल्ह्याच्या ऑफिसातून आलेली,
उंच, फिकट, तीन वर्षांत तयार.
ओळी इतक्या सरळ
की समांतर रेषा दाखवायला मी वर्गच तिथे नेला.
नेला होता. लपवत नाही.

दुसऱ्या वर्षी मधले पान पिवळे पडले.
मग वाकले. देठ कापला तर पिवळट चीक.
सुरी या झाडावरून त्या झाडावर जाते
आणि रोगही तिच्याच पायांनी चालतो.
मास्कालच्या सणापर्यंत
सगळ्या समांतर रेषा आडव्या.

दालगितेकडेही आला.
शोंके गेली, एकूण एक. गेना अर्धी.
प्रत्येक झाडानंतर ती सुरी विस्तवात धरायची,
जळक्या चिकाचा वास माझ्या तपासायच्या वह्यांना.
शोंकेसाठी ती रडली. दोर आता कशाचे वळू, म्हणाली,
पण रडणे दोरांसाठी नव्हते.
कात्से उभी होती, कडूच्या कडू.
माझे उभी होती.

अंजुलो आला आणि दारात काठीवर रेलून
बराच वेळ धुक्याबद्दल बोलत राहिला.
तिने चहा दिला. कुदळ घेतली.
माझेचा एक जुना कंद उकरून दोन फाके केले,
मधला कोंब खरवडून काढला,
पोकळीत शेणमाती ठासली, पुरून टाकला.
आईचा जीव काढल्याशिवाय लेकरे फुटत नाहीत, म्हणाली,
आणि माझ्याकडे पाहून लगेच, झाडाचे बोलतेय मी.

पावसानंतर मुनवे फुटले. त्रेचाळीस.
मोजले मीच.
तीस त्याला दिले, वर कात्सेचे चार.
कडू असते ती, अंजुलो म्हणाला.
असू दे.

ओझे खांद्यावर घेऊन तो चढ चढत होता,
नावे पुटपुटत, चुकत,
खालून ती ओरडून दुरुस्त करत होती.
धुक्यात दोघेही दिसेनासे,
नुसते आवाज वरखाली:
ही माझे?
हो, माझे. आणि दुसरी?