त्रेसष्ट टक्के

गावाचं नाव लिहितात एक आणि म्हणतात कीथली.
तिथे चढाच्या रस्त्याला आमची भिंतीला भिंत:
मी, आणि आर्नल्ड फेदर.
फेदर म्हणजे पीस.
हे पीस जिना उतरलं की
माझ्या फडताळातल्या बश्या वाजतात.

त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर
मी त्यांना माझा ई-रीडर दिला.
राखाडी, शाळेतल्या पाटीहून लहान,
पान उलटण्याखेरीज काही म्हणता काही येत नाही त्याला.
फोन लागत नाही, फोटो निघत नाही,
रंग विचाराल तर इथल्या नोव्हेंबरचा.
मराठी पुस्तक घातलं तर जोडाक्षरांचे पाय मोडतो,
वेलांट्या भलत्याच्याच डोक्यावर ठेवतो,
पण एकदा चार्ज केला की
महिनाभर जेवायला मागत नाही.
असे एक मास्तर होते आम्हाला, भूगोलाचे.

फेदर वाचू लागले.
लोकरीच्या गासड्या भरून निघालेलं जहाज,
गोष्ट पाचशे पानांची.
कचऱ्याचा डबा बाहेर ढकलताना सांगायचे,
"कप्तान पितो, बरं का."
दुसऱ्या आठवड्यात: "आता चोरून पितो."

मग ईस्टरला लीड्सहून मुलगी आली,
टॅबलेट घेऊन.
त्यात स्नूकर, हवामान, बँक,
पर्थमधली नात, तिचा कुत्रा,
आणि गुडघा किती वेळा वाकवला ते मोजणारी एक बाई.
"पुस्तकंही आहेत ह्यात," फेदर म्हणाले,
फ्लॅट दाखवताना कुणी म्हणावं तसं:
आणि हो, हे देवघर.

माझा परत आला, वर शॉर्टब्रेडचा डबा.
उघडला तर अक्षरं केवढी!
पानावर नऊ शब्द.
"वादळ" ह्या पानावर,
"आलं" पुढच्या.
खाली कोपऱ्यात, बारीक: त्रेसष्ट टक्के.

मला माझं पुस्तक हवं होतं.
अक्षरं लहान करायला दोन बोटं पुरली असती.
केली नाहीत.
त्यांच्या जागेवरून, त्यांच्याच आकारात पुढे निघाले,
वॉशिंग मशीनच्या घरघरीत,
पान, पान, पान,
जाड भिंगांच्या माणसाच्या चालीने.
फोन ओट्यावर पालथा घातला होता,
तरी थरथरत थरथरत
कडेपर्यंत आला.

काल मागच्या अंगणात, भिंतीपलीकडून:
"काय झालं शेवटी त्या जहाजाचं?"
हातात टॅबलेट, त्यावर लाल चेंडूमागे लाल चेंडू.
मी एक्क्याऐंशी टक्क्यांवर होते.
कप्तान कुठल्याशा बंदरात उतरून गेला होता,
लोकर भिजली होती, कुणी काही बोलत नव्हतं.
"अजून पोचलं नाही," मी म्हटलं.
खोटं नव्हतं.
तुमच्या अक्षरांत पोचायला वेळ लागतो, फेदर.

"मग थांबतो," ते म्हणाले,
कोपर भिंतीवर टेकलं,
आणि टिंग झालं,
आणि ते खाली बघू लागले,
उभ्याउभ्याच.