करजमळ रोड

गाव इथं नाही.
नावापुढं ‘रोड’ लागलं की समजायचं,
गाव चार किलोमीटर आत, करडईच्या रानापलीकडं.
इथं फक्त एक पिवळा फलक,
चार लिप्यांत तेच एक नाव,
एक लिंब, ज्याला कुणी पार बांधला नाही,
आणि खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची.
लहानपणी मला वाटायचं,
समुद्र कधीतरी चौकशीला येणार असेल.

माझे अप्पा या हॉल्टचे एजंट.
रेल्वेचा पगार नाही, रेल्वेची टोपी नाही.
शेकड्याला पंधरा कमिशन
आणि होटगीहून पिशवीतून आणलेली पुठ्ठ्याची तिकिटं.
तारीख उठवायचं यंत्र खटॅक वाजलं
की खिडकीवरची पाल दोन बोटं सरकायची,
पुन्हा जागेवर यायची.
तिलाही गाडीची वेळ पाठ होती.

मीटरगेजची गाडी, सकाळी एक, दिवेलागणीला एक.
थांबा एक मिनिट.
त्या मिनिटात अप्पा
हणमव्वाची अंड्यांची पाटी आत सरकवायचे,
मुजावर मास्तरांना ‘पास संपला की हो’ सांगायचे,
कुणाची तरी शेळी रुळांवरून हाकलायचे
आणि गार्डाला असा हात करायचे
जणू सबंध गाडी त्यांनीच विकत घेतलीय.

मग वडाप सुरू झालं. जीप थेट दारात यायची.
मग वरून कागद आला:
विक्री अमुक इतकी नसेल तर थांबा काढण्यात येईल.
अप्पांनी तो कागद चार घड्या करून
कंदिलाच्या खाली ठेवला. कंदील डुगडुगायचा थांबला.

महिन्याअखेरीला आई पैसे मोजायची,
पुन्हा मोजायची.
‘कमिशन जातंय कुठं? पत्त्यात? का कुण्या बाईकडं?’
अप्पा काच पुसत राहायचे.
काच आधीच स्वच्छ असायची.

ते गेल्यावर महिन्याभरानं पत्र्याची पेटी उघडली.
आत सुतळीनं बांधलेल्या गड्ड्या.
करजमळ रोड ते होटगी.
करजमळ रोड ते होटगी.
एकही वापरलेलं नाही.
सगळ्या दिवसांची नव्हती. ज्या दिवशी आकडा कमी पडला
त्या दिवसांची होती.
दोन पूर्ण, एक अर्धं.
अर्ध्याचा कोपरा कात्रीनं कापलेला, नियमाप्रमाणं.

मी तारखा लावत बसले जमिनीवर.
मी पाचाची झाले त्या दिवसापासून अर्धं सुरू होतं.
आणि बाराची झाले,
त्या पावसाळ्यातल्या एका बुधवारपासून
तीन पूर्ण.
कोण तपासणार होतं?
रिकाम्या डब्यात, नसलेल्या मुलीचं वय?
पण अप्पांनी एका दिवसाचीही चोरी केली नाही.

आईनं एक तिकीट उजेडाला धरलं.
तिला वाचता येत नव्हतं, कोपरा कळला.
अंगठा त्या कापलेल्या जागेवर फिरवत म्हणाली,
‘होटगीला काय हाय गं?’
‘काही नाही. गाडी बदलतात.’
बराच वेळ गेला.
मग गड्ड्या उलट्यापालट्या करत,
भांडण कालच अर्धं राहिलंय अशा आवाजात,
‘समदी जायचीच काढली.
यायचं एक बी न्हाई?’

आता रूळ रुंद झालेत, वर तारा आल्यात.
मागच्या चैत्रात विजापूरला जाताना खिडकीशी बसले होते.
फलक नव्हता. उंचीसकट उपटून नेलेला.
लिंब आला
आणि मी, पन्नाशीची बाई,
कुणाला तरी हात करावा तसा
हात वर केला.
समोरच्या मुलानं मागं वळून पाहिलं.
गाडीचा वेग काही कमी झाला नाही.