जुना परवाना जमा करावा

तीस दिवसांच्या आत, असं भिंतीवरच्या कागदावर लिहिलंय.
व्हर्ना हेगस्टॅड आली अठ्ठाविसाव्या दिवशी,
पावणेपाचला, मी खिडकी लावून घ्यायच्या बेतात असताना.
भाच्याची बुटकी गाडी घेऊन आली होती
आणि तिच्यातून ती उतरली पाठमोरी,
एक पाय मागे सोडून
नसलेली पायरी चाचपत.

कुठून?
मायनॉट, नॉर्थ डकोटा.
इथून, लास क्रूसेसहून, अडीच दिवस, ती म्हणाली,
वारा आडवा नसेल तर.
आणि इकडे का?
बर्फ पुरे झालं.

रकाना सहा: कायमचा पत्ता.
तिथे पेन थांबलं.
बावीस वर्षं ती सीटमागच्या फळीवर झोपलेली,
पडदा ओढला की घर, सारला की रस्ता.
पत्त्याचे पुरावे दोन लागतात, मी म्हटलं.
तिनं विजेचं बिल सरकवलं, नऊ डॉलर काही सेंट,
आणि भाडेकरार, घडी न मोडलेला.
"दुसऱ्याच रात्री बुटात विंचू निघाला.
बूट दाराबाहेर पालथा केला.
तो इथला. त्याच्याकडे कोण पुरावा मागणार?"
पाठीवर बिऱ्हाड असलेल्यांना
एकमेकांची ओळख पटत असावी.

वजन?
"माझं, की भरल्या गाडीचं?"
गाडीचं तिला एक्सलवार पाठ होतं.
स्वतःचं तिनं अंदाजे सांगितलं,
मीही अंदाजेच लिहिलं.

डॉक्टरचा दाखला चालू होता.
पण ज्वलनशील मालाची परवानगी
हद्द ओलांडताना गळून पडते.
परीक्षा पुन्हा. उद्या सकाळी या.
आली, दार उघडायच्या आधी,
बाहेरच्या कठड्यावर थर्मास घेऊन बसलेली.
तीस प्रश्न. त्यातला एक:
रेल्वे फाटकाआधी किती फुटांवर थांबाल?
जी आयुष्यभर थांबत आली
तिला हे विचारण्याचा पगार मला मिळतो.
एकोणतीस बरोबर.
चुकला तो कोणता, तिला हवं होतं.
यंत्र ते सांगत नाही, मी म्हटलं.
बराच वेळ ती यंत्राकडे बघत राहिली.

बोटांचे ठसे पलीकडच्या रस्त्यावर घेतात.
तिथल्या रॅमोनाने नंतर सांगितलं,
काच पाच वेळा पुसली, बोटं उमटेनात.
साखळ्यांनी, दोरखंडांनी, डिझेलनं
घासून नेलं होतं सगळं.

मग जुना परवाना. एका माणसाला एकच.
मी हात पुढे केला, तिनं दिला नाही लगेच.
"हा फोटो काढला तेव्हा ऑर्लिन बाहेर
इंजिन चालू ठेवून बसला होता.
उणे तीस. बंद केलं असतं
तर पुन्हा लागेल याची खात्री नव्हती."
एवढंच. ऑर्लिनचं पुढे काय झालं
ते मी विचारलं नाही,
तसा रकाना नाही.

भोक कुठे पाडायचं हे नियमात नाही.
बहुतेक जण मधोमध पाडतात,
मीही पाडत आलेय, चेहऱ्यांतून.
त्या दिवशी कोपरा शोधला.
यंत्र खटकन वाजलं,
कागदाच्या टिकलीएवढं प्लास्टिक टेबलावर पडलं,
ते तिनं उचललं, खिशात टाकलं.
कार्ड माझ्या डब्यात.
टिकलीबद्दल नियमात काही नाही.

आता नवा फोटो.
इकडे बघा, व्हर्ना, कॅमेऱ्याकडे.
"बघतेय की, एलोइसा," माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचून ती म्हणाली.
तीनदा काढला.
तिन्ही वेळा तिची नजर किंचित डावीकडे,
जिथे आरसा असतो,
मागून काय येतंय ते दिसतं.

चौथ्यांदा काढला नाही.
तसाच छापून दिला.