चाळीस सेकंद काळं

पहिलं रीळ पेट घेणाऱ्या जातीचं आहे,
म्हणून या तळघरात सिगारेट नाही, हीटर नाही.
मी आहे, आणि सुती हातमोजे.

एकोणीसशे अडतीस, नोव्हेंबर.
लिस्बनहून सरकारी मोटार आली आमच्या किनाऱ्यावर,
तीन पायांचा कॅमेरा, मफलरवाले साहेब,
आणि एका पेटीत इस्त्री केलेले पांढरे परकर.
समुद्रातलं शेवाळ ओढायला
पांढरं कोण नेसतं?
पण पडद्यावर आजी नेसली आहे.
दाताळं खांद्यावर, पाणी कमरेला,
आणि वरून एका पुरुषाचा तूप लावलेला आवाज :
‘पाहा, सागराची ही आनंदी लेक!’
त्याचे बूट कधी ओले झाले नसावेत.

कापून टाकलेल्या तुकड्यांच्या डब्यात
तीच लाट चार वेळा आहे.
चौथ्या वेळी आजी सरळ लेन्सकडे बघते.
ओठ हलतात.
नऊ सेकंद.
मग कात्री.

दुसऱ्या डब्याला व्हिनेगरचा वास येतो.
बंदुकांच्या नळ्यांत फुलं खोचली गेली
त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं.
आन्सेल्मू आला, दाढी वाढलेली, कॅमेरा खांद्यावर,
सोबत्याच्या कमरेला टेपरेकॉर्डर.
म्हणाला, निवेदन नको, लोकच बोलतील.
आणि बोलले की लोक!
सार्डिनच्या कारखान्यातला सेक्रेटरी सव्वीस मिनिटं बोलला,
पाद्री बोलला, माझा मामा तर टेबलावर चढून बोलला.
आजीची पाळी आली तेव्हा उजेड उतरला होता.
ती परकराच्या काठाशी चाळा करत बसली, गप्प.
अकराव्या मिनिटाला फिल्म संपली.
आन्सेल्मू म्हणाला, ‘बंद झाला, आजी.’
ती म्हणाली, ‘बरं झालं. मग सांगते.’

टेप चालूच होती.
चित्र नाही. एक कोंबडी, लांबवर मोटारसायकल, आणि ती :
‘परकर त्यांचा होता. संध्याकाळी ओलाच काढून नेला.
माझा कोरडा घरी, दोन मैलांवर.
तशीच चालत गेले रे, वाळूतून.
वाटेत कुणी बघितलं, कुणी नाही.’

चाळीस सेकंद. मग कुणीतरी खोकलं.

दुआर्त चोवीस वर्षांचा आहे,
त्याने रीळ कधी हातात धरलं नाही.
म्हणाला, ‘इथे ओठ आहेत, तिथे आवाज.
मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या.’
सुट्टीनंतर खरंच
लाटेतली बावीस वर्षांची आजी
एकोणसाठ वर्षांच्या गळ्याने बोलू लागली.
ओठ जिथे कमी पडत होते
तिथे मशीनने नवे ओठ विणले होते.
खोटं कशाला सांगू, मी रडले.
दुआर्तचा हात हातात घेतला.

आईला दाखवलं. ती चष्मा पुसून बघत राहिली,
पुन्हा लाव म्हणाली,
मग म्हणाली, ‘मूळचं दाखव.’
नऊ सेकंद पाहिली. उठून उभी राहिली.
‘अगं, बोलत नाहीये ती.
दात वाजताहेत तिचे.’

आमच्या गावात सिनेमागृह नाही,
अग्निशमन दलाच्या शेडमध्ये दाखवला माहितीपट,
बंब बाहेर काढून, खुर्च्या शाळेतून आणून.
नऊ सेकंद तसेच ठेवले, मुके, थंडीचे.
नंतर पडदा काळा. नुसता आवाज.
‘बरं झालं. मग सांगते.’
लोक चुळबुळले. कुणी म्हणालं, वीज गेली.
दुआर्त प्रोजेक्टरपाशी हात मागे बांधून उभा होता,
शिक्षा झालेल्या पोरासारखा.

ती आपल्याला सांगायला कबूल होती का,
हे मला आजही ठाऊक नाही.
एवढंच केलं, की सांगताना
तिच्याकडे कुणाला बघू दिलं नाही.

पहिल्या रांगेत एक मुलगा मोबाइल उंच धरून
त्या काळोखाचं चित्रण करत होता.