शिक्का क्रमांक एकेचाळीस

अंगठ्याच्या नखाएवढा, पितळी.
वर्तुळात आकडा, आकड्यावर एक त्रिकोण.
निवृत्त होताना परत करावा लागतो.
स्टोअरच्या वाघचौऱ्यांनी तो ऐरणीवर ठेवून
दोन घावांत सपाट केला
आणि रजिस्टरात माझी सही घेतली.

बत्तीस वर्षं ओझरच्या हँगरमध्ये
कुणाच्याही कामावर विश्वास ठेवायचा नाही
एवढ्याचाच मी पगार घेतला.
दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा आरसा, एक बॅटरी.
लॉकिंग वायरचा पीळ बरोबर आहे का,
एखाद्या रिव्हेटचं डोकं रुसून वर आलंय का,
हे बोटानं पाहायचं. डोळे फसतात.
मग शिक्का.
मग विमान पोरांच्या हवाली.

पोरंच ती.
विमान न्यायला यायची लांबलांबून,
हेल्मेट काखेत धरून, शाळेचा डबा धरावा तशी.
लालथनमाविया मिझोरामचा. आम्ही त्याला माविया म्हणायचो.
दहाव्या मैलावर त्यानं द्राक्षांची पेटी घेतली,
कॉकपिटमध्ये नेता येणार नाही म्हटल्यावर
तिथेच, धावपट्टीच्या कडेला, सगळ्यांना वाटून टाकली.
शेवटचा घड माझ्यापुढे धरून म्हणाला,
साब, इन्स्पेक्शन कीजिए.
मी एकेक मणी बॅटरीनं पाहिला.
हसून हसून खाली बसला तो.

सौमित्र गायधनी आमच्या आडगावचा.
चढण्याआधी विमानाच्या पोटाला हात लावायचा,
तोच हात छातीला.
त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्याचं नाव मी घेत नाही.
त्याची आई अजून फोन करते, दर माघात.
काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नाही.
ती द्राक्षांचा भाव विचारते. मी सांगतो.
यंदा बरा आहे म्हणतो, नसला तरी.

बातमीच्या आधी लाख यायची.
रेकॉर्डच्या कपाटाला लाल सील दिसलं
की कँटीनमध्ये ताटं हळू वाजायची
आणि जो तो आपापला आकडा आठवायचा.

दोन अधिकारी, एक पंखा, एक कागद.
हा शिक्का तुमचा?
माझा.
त्या दिवशी तब्येत ठीक होती?
ठीक होती.
घरी येऊन बायकोला विचारलं,
त्या बुधवारी आपल्याकडे काय होतं गं?
ती भाजी निवडत होती. म्हणाली,
धाकटीला ताप होता ना, तुम्ही रात्रभर जागे होतात.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
आज लिहितोय.

अहवाल आला. कारण : पक्षी.
एक घार, तीन पानं.
लोकांनी माझी पाठ थोपटली, कुणी पेढेसुद्धा आणले.
मेव्हण्याच्या बागेत पाखरं हाकायला डबे वाजतात,
तेव्हा मी घरात जाऊन बसतो.
घारीवर राग धरता आला असता तर बरं झालं असतं.
आभाळ तिचंच होतं. आम्ही नंतर आलो.

यंदा पितृपक्षात गंगेवर गेलो.
गुरुजी घाईत होते, मागे सुरतेची मंडळी ताटकळलेली.
नाव? लालथनमाविया.
त्यांनी दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा नुसतं मावियावर भागवलं.
गोत्र?
माहीत नाही. ख्रिस्ती होता.
ते क्षणभर थांबले. काश्यप म्हणा, म्हणाले,
ज्याचं ठाऊक नसतं त्याचं काश्यप. पाण्याला काय कळतंय.
तुमचं नातं?

रामकुंडाच्या पायरीवर, गुडघाभर गढूळ पाण्यात,
मला एकही शब्द सापडेना.
मित्र नाही. गुरू नाही. आप्त तर नाहीच.
शेवटी म्हणालो, त्याचं विमान मी पास केलं होतं.

गुरुजींनी वर पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले,
तीळ घ्या. पाणी अंगठ्यावरून सोडा.

बोटातलं दर्भाचं पवित्रक त्यांनीच बांधून दिलं होतं.
गाठ चाचपून पाहिली. सैल होती.
सोडली, पुन्हा बांधली, ओढून पाहिली.
सुरतेची मंडळी कुरकुरत होती.
आणखी एकदा ओढून पाहिली,
आणि मग पाणी सोडलं.