शंभर टक्के

लिएपायाच्या बंदरात मी क्रेन चालवतो.
वाऱ्याच्या दिवशीही वीस टनांचा कंटेनर
असा टेकवतो
की खालच्या माणसाच्या कपातली कॉफी हलत नाही.
आणि घरी, शुक्रवारी रात्री आठ वाजता,
मला एक खेळ सुरू करता येत नाही.

"मामा, झाला सुरू?"
रायटिस. नऊ वर्षांचा.
बहिणीची हॉस्पिटलात रात्रपाळी असली की माझ्याकडे.
त्यांच्या घरी टीव्हीखाली एक पांढरा ठोकळा आहे.
बटण दाबलं की टुण्ण वाजतं
आणि बूट काढून होईतो पोरगं घोड्यावर.
सानिता त्या ठोकळ्यावरची धूळसुद्धा पुसत नाही.
तरी चालतो. मेला चालतोच.

माझा मी जुळवलाय.
दोन हिवाळ्यांचा ओव्हरटाइम.
ग्राफिक्स कार्ड रीगाहून बसने आणलं,
घोंगडीत गुंडाळून, मांडीवर.
शेजारच्या बाईने हळूच विचारलं,
किती महिन्यांचं?

मदरबोर्ड एकाचा, पंखे दुसऱ्याचे,
मेमरी कुठल्या तिसऱ्याच कारखान्याची.
बारभाईंचा कारभार,
आणि बिघडलं की बाराही जण
एकमेकांकडे बोट दाखवतात.

आज आधी लाँचरला अपडेट हवं.
मग पासवर्ड हवा.
पासवर्डला कोड हवा, आणि तो गेला
मी लग्नाआधी वापरायचो त्या पत्त्यावर.
त्या पत्त्याचा पासवर्ड तिचं नाव, पुढे दोन शून्यं.
लग्न संपलं.
पासवर्ड अजून चालतो.

आत गेलो तर आत दुसरा लाँचर.
नमनालाच घडाभर तेल,
आणि घडा एकशे दहा जीबीचा.

नवा ड्रायव्हर टाकला, पडदा काळा.
जुना टाकला, तर खेळ म्हणतो नवा टाका.
कुणीतरी सांगितलं होतं,
सहा फोल्डरांच्या खाली एक फाइल आहे,
तिच्यात शून्याच्या जागी एक लिही.
लिहिला.
का, ते विचारू नका.
कंट्रोलर सापडत नाही, म्हणतो.
अरे माझ्या हातात आहे!

साडेनऊला एक पट्टी उगवली:
शेडर तयार होत आहेत. चार टक्के.
रायटिसने स्टूल ओढलं.
"हाच खेळ का?"
मी काय सांगणार. म्हटलं, हो.
"मग पैज."
लसूण लावून तळलेल्या काळ्या पावाचे तुकडे
मध्ये ठेवले. अठ्ठावीस होते.
तो म्हणाला, एकसष्टला दम खाणार. खाल्ला.
म्हणाला, आता एकदम तीन उड्या. घेतल्या.
"एकोणनव्वदवर अडकणार बघ."
अडकला.
दहा मिनिटं आम्ही दोघं
त्या आकड्याकडे असे बघत होतो
जसं मी फक्त लोंबणाऱ्या लोखंडाकडे बघतो.
नव्वद झाले तेव्हा तो स्टुलावर उभा राहून ओरडला
आणि खालच्या मजल्यावरच्या द्झिंत्राबाईंनी
काठीने छत ठोकलं.

खेळ उघडला अकरा वाजता.
रायटिस झोपला होता, टेबलावर गाल ठेवून,
लसणाचं बोट कीबोर्डवर.
पडद्यावर घोडेस्वार भिंतीला नाक लावून
चालत होता, चालत होता.
बोट मी उचललं नाही.
माउसने सावल्या 'अल्ट्रा' केल्या.
मग एक पायरी खाली. मग परत वर.
फरक दिसला नाही.
दिसला, असं स्वतःला सांगितलं.

सकाळी सानिता आली, डोळे लाल.
"काय खेळलात?"
"आम्ही शंभरवर पोचलो," रायटिस म्हणाला.
"मी जिंकलो. मामा मध्ये मध्ये शिव्या देतो."
तिने माझ्याकडे पाहिलं.
मी पडद्याकडे.
तिथे निळ्यावर पांढरं लिहिलं होतं:
अपडेट एक, तीनपैकी.
कृपया बंद करू नका.

"मामा, थांबू?" त्याने एक बूट घातला होता.
"हा पस्तीसला अडकणार."